नालीचे शेवटचे घर

(साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली येथे जमलेल्या मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान.)



आज मी तुमच्यापुढे नालीविषयी बोलायला उभा आहे. काही जण उपरण्याआड हसत असतील, हे मला ठाऊक आहे. व्याख्यान म्हटले की ते देवाधर्मावर असावे, देशावर असावे, फार तर शेतमालाच्या भावावर असावे. सांडपाण्याची नाली हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु बंधूंनो, ज्या गोष्टीचे नाव निघताच आपण नाक दाबतो, ती कोणाच्या तरी दारापुढे बारा महिने वाहत असते. त्याने आपले नाक किती वेळ दाबून धरायचे? त्याच्या पोराने जेवायला कोठे बसायचे? ज्याच्या दारात नाली नाही त्याला हा विषय हलका वाटतो. ज्याच्या दारात ती येऊन थांबते, त्याला याहून जड विषय दुसरा नाही.

मी मास्तर माणूस आहे, तेव्हा आधी हिशोब मांडतो. २०१९ साली केंद्र सरकारने घरोघर नळ देण्याची योजना आणली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरविले. फार चांगले झाले. आमच्या आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा जितका उतरेल तितका उतरो. परंतु घरात आलेले पाणी घरात राहत नाही. इंजिनिअर लोक असे धरून चालतात की, घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे चार-पंचमांश पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे माणशी ४४ लिटर. पाच माणसांच्या घराचे रोजचे २२० लिटर. दोनशे घरांचे गाव असेल तर रोजचे ४४,००० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर भरतील आणि वर उरेल. उन्हाळ्यात टँकर गावात आला नाही तर आपण तहसीलवर मोर्चा नेतो. परंतु घाण पाण्याचे हे चार टँकर रोज गावातून निघतात आणि कोणाच्या दारात रिकामे होतात, याची चौकशी आपण करीत नाही.

ते कोठे रिकामे होतात ते मी सांगतो. पाणी जात विचारीत नाही, उतार विचारते. पण गावाच्या उतारावर कोणी राहायचे, हे मात्र जातीने ठरविले. पाटलाचा वाडा उंचावर, देऊळ उंचावर, चावडी उंचावर. मग जसजसे खाली उतरावे तसतशी घरे लहान होत जातात आणि शेवटी ओढ्याच्या काठाशी ती वस्ती, जिचे नाव घेताना पूर्वी माणसे आवाज खाली करीत. आपल्यापैकी ज्यांना कालव्याचे पाणी ठाऊक आहे त्यांना मी विचारतो. आपल्या जिल्ह्यात पूर्णेवर सिद्धेश्वरचे धरण आहे, त्याचे कालवे आहेत. कालव्याच्या शेवटाला ज्याचे शेत असते, त्याच्यापर्यंत पाणी पोहोचते काय? वरचे लोक दंड फोडतात, रात्री मोटारी लावतात, आणि शेवटचा बिचारा आकाशाकडे पाहत बसतो. चांगल्या पाण्याच्या पाटावर जो शेवटचा, त्याला काहीच मिळत नाही; घाण पाण्याच्या नालीवर जो शेवटचा, त्याला सगळ्यांचे मिळते. आणि दोन्ही ठिकाणी शेवटचा माणूस बहुधा तोच असतो.

आता एक पाहिलेली हकीगत सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी नोकरीला होतो, त्या गावाचे नाव मी सांगणार नाही. नाव घेतले तर तुम्ही म्हणाल, ते गाव वाईट. ते गाव वाईट नव्हते, आपल्या गावासारखेच होते. त्या गावी पंचायतीने मारुतीच्या देवळापासून भूमिगत गटार घातले. मोठे सिमेंटचे पाइप, वरून काँक्रीटचा रस्ता, कडेला रंगवलेली पाटी. गाव कसे आरशासारखे दिसू लागले. गटार देवळापासून निघाले, बाजारपेठेतून गेले, वळणावरच्या एका मोठ्या घरापर्यंत पोहोचले आणि तेथे थांबले. थांबले म्हणजे पाइप उघडा पडला. त्याच्या खाली चाळीसेक घरे होती. मातंगांची, चर्मकारांची, बौद्धांची, काही वडारांची, दोन घरे कुंभारांची, आणि नवरा वारल्यावर भावकीने बाहेर काढलेल्या एका मराठा बाईचे. पूर्वी त्या घरांपर्यंत थोडे पाणी येत असे. कारण वर जागोजागी ते साचत होते, मुरत होते. आता सबंध गावाचे एकवटून धो धो येऊ लागले. वरच्यांचे गाव जितके स्वच्छ झाले, तितकी खालची वस्ती घाण झाली.

कुंभाराचे काय झाले ऐका. त्याचा आवा लावायचा तो खळगा ओला राहू लागला. ओल्या जागी आवा पेटत नाही, पेटला तर मडकी कच्ची निघतात. त्याची भिजवलेली माती नासली. घाण पाण्यातल्या मातीचा माठ कोण विकत घेणार? पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका पाइपाने बुडविला. आणि माझ्या शाळेत तिसरीला एक मुलगी होती, ती नेहमी पाय मांडीखाली दडवून बसे. मला वाटे, सवय असेल. एके दिवशी खेळाच्या तासाला पाहिले, बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या. आपण त्याला चिखल्या म्हणतो. चिखल्या पावसाळ्यात होतात, ही मुलगी मार्चमध्ये चिखल्या घेऊन बसली होती. घरातून निघायचे तर त्या पाण्यातून पाय टाकल्याखेरीज वाट नव्हती. शाळेच्या नळावर ती रोज पाय धूत असे, आणि मग कोणाला वास येऊ नये म्हणून ते झाकून बसत असे. मी वर्गात आरोग्याचा धडा शिकवीत होतो, ‘परिसर स्वच्छ ठेवावा.’ तो धडा मी कोणाला शिकवीत होतो, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

पुढे ग्रामसभा भरली. खालच्या वस्तीतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “सरपंच भाऊ, नाली आमच्या दारात आणून सोडली, ती पुढं कधी नेता?” तेव्हा चर्चा झाली. ती चर्चा तुम्ही ऐकलेलीच आहे, कारण गावोगाव तीच होते. एक म्हणाला, पैसा संपला. दुसरा म्हणाला, त्यांची घरपट्टी थकली आहे, आधी ती भरा. तिसरा म्हणाला, ती घरे गावठाणात नाहीत, अतिक्रमणात आहेत; तेथे खर्च टाकला तर ऑडिटवाला पकडील. चौथा म्हणाला, पुढे नाली न्यायची तर कोणाच्या शेताच्या बांधातून काढायची? आणि पाचवा सगळ्यांत शहाणा, तो म्हणाला, आजवर चाललेच की! त्यावर म्हातारी जे बोलली ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, “आमचं पाणी आमच्या दारात साचलं असतं तर आम्ही तुमच्याकडं आलोच नसतो. पण हे पाणी आमचं न्हाई. हे तुमच्या न्हाणीचं हाय. पुढं न्यायचं नसंल तर तुमचं तुम्ही ठेवून घ्या.”

सभेत कोणी बोलले नाही. मग कोणी तरी हसले आणि ‘पुढील सभेत विचार करावा’ असे वहीत लिहिले गेले.

बंधुभगिनींनो, आता मी एक कडू गोष्ट बोलणार आहे. त्या सभेत एकही भटजी नव्हता, एकही शेटजी नव्हता. सरपंच आपला, उपसरपंच आपला, ठराव लिहिणारा आपला, आणि ‘आजवर चाललेच की’ म्हणणाराही आपल्यातलाच. आमच्या वडिलांनी सत्यशोधकांच्या सभांत ऐकले की कुळकर्ण्याची लेखणी आपल्याला बुडवते. खरेच बुडवीत होती. म्हणून ती लेखणी आपण हाती घेतली. पण लेखणी हाती आल्यावर आपण तिने काय लिहिले? ‘पुढील सभेत विचार करावा.’ हेच लिहायचे होते तर कुळकर्णी काय वाईट होता? त्याचे अक्षर तरी सुरेख होते!

जोतिबांनी काय केले ते आठवा. १८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले आणि काही वर्षे ते त्या सभेत बसले. आपल्यापैकी पुष्कळांना जोतिबा म्हणजे फक्त शाळा काढणारे ठाऊक आहेत. नगरपालिकेतले जोतिबा कमी जणांना ठाऊक आहेत. १८८० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी एक हजार रुपये खर्च करावे असे घाटत होते. जोतिबांनी विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून सांगितले. मत घेतले तेव्हा विरोधात एकच हात वर होता, जोतिबांचा. सभेत एकटा हात वर करायला काय लागते, हे ज्याने ग्रामसभेत हात वर केला आहे त्यालाच कळेल.

आणखी एक. त्या काळी सरकारचे असे मत होते की वरच्या वर्गाला शिक्षण द्यावे, म्हणजे ते आपोआप झिरपत खालच्यांपर्यंत जाईल. १८८२ साली हंटरसाहेबाच्या कमिशनपुढे जोतिबांनी लेखी निवेदन दिले आणि या झिरपण्याच्या मताचे वाभाडे काढले. ज्यांच्या घामातून सरकारचा वसूल येतो त्या रयतेच्या पोरांना प्राथमिक शिक्षण आधी द्या, बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. त्याला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. या एवढ्या काळात वरून खाली काय काय झिरपले, ते तुम्ही आपल्या गावात फिरून पाहा. विद्या झिरपली नाही, पैसा झिरपला नाही, मान झिरपला नाही. वरून खाली बिनचूक पोहोचले ते फक्त सांडपाणी!

आता त्या सभेतल्या पाच सबबींचा समाचार घेऊ.

पहिली सबब, पैसा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान ठरविले, त्यातला ६० टक्के भाग बांधून दिलेला होता. त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे शंभर रुपयांतले तीस रुपये स्वच्छतेखेरीज दुसरीकडे लावायची मुभाच नव्हती. २०२० साली स्वच्छ भारत मिशनचा ग्रामीण भागासाठी दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते. दीड हजार वस्तीच्या गावाचे होतात ४ लाख २० हजार. शिवाय मागासवर्गीयांसाठी पंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के भाग खर्चावा असा नियम आहे. पैसा कमी होता असे म्हणा, ते मी ऐकून घेईन. पैसा नव्हता असे म्हणू नका. तो वळणावरच्या घरापर्यंत होता आणि तेथून पुढे नव्हता, असा कोणता पैसा असतो?

दुसरी सबब, घरपट्टी थकली. थकबाकीची यादी चावडीवर लावा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. वाड्याची थकबाकी किती, झोपडीची किती, ते गावाला कळू द्या. मग बोलू.

तिसरी सबब, अतिक्रमण. ज्यांना गावाने कधी गावात घर बांधायला जागा दिली नाही, त्यांचे घर गावाबाहेर आहे हा त्यांचा गुन्हा झाला! आणि घर बेकायदा असेल तर त्याच्या दारात सोडलेले गावाचे पाणी कायदेशीर कसे? १९५८ च्या आपल्या ग्रामपंचायत कायद्याने गावातील गटारे बांधणे व नीट राखणे हे पंचायतीच्या कामांत घातले आहे. आपली घाण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर नेऊन सोडावी असे त्या कायद्यात कोठेही नाही.

चौथी सबब, कोणाच्या बांधातून काढायची? ही मात्र खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी पुढे बोलतो.

पाचवी सबब, आजवर चालले. त्याला मी विलायतेची एक गोष्ट सांगतो. लंडन शहरात थेम्स नदी आहे. सगळ्या शहराची घाण त्या नदीत जाई आणि तेच पाणी गरीब लोक पीत. पटकीच्या साथीत हजारो माणसे मेली. १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून मेलेल्यांची टिपणे केली आणि दाखवून दिले की पटकी हवेतून नव्हे, घाण मिसळलेल्या पाण्यातून पसरते. तरी पैसा निघेना, आजवर चाललेच होते. मग १८५८ चा उन्हाळा आला. पार्लमेंट नदीच्या काठावर. नदीचा वास थेट सभागृहात शिरला. खिडक्यांचे पडदे औषधात भिजवून टांगले तरी सभासदांना बसवेना. तेव्हा मात्र थोड्याच दिवसांत कायदा झाला, पैसा निघाला आणि बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरच्या हातून सबंध शहराची गटारे बांधली गेली. गरिबांचे जीव गेले तेव्हा जे सुचले नाही, ते साहेबाच्या नाकाला वास येताच सुचले! यातले तात्पर्य मी मागून सांगतो. ते गाठीला बांधून ठेवा.

आता कोणी म्हणेल, ठराव झाला की काम झाले. तसे नाही. महाडचे उदाहरण घ्या. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावे. बोले हे ब्राह्मणेतर चळवळीतले आपले माणूस. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले आणि काठावर कोणी पाऊल टाकू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला आणि कोर्टात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तेव्हा ठराव हे कच्चे मडके आहे. ते भाजून पक्के करायला माणसांना पायांनी चालत जावे लागते.

मग आपण करायचे काय? बोलण्यापेक्षा कामाचे सांगतो.

पहिली गोष्ट. पंचायतीच्या कामाचे नाव कसे असते ते कधी वाचले आहे काय? ‘मारुती मंदिर ते अमुक यांच्या घरापर्यंत नाली बांधकाम.’ सगळा अन्याय त्या नावातच लिहिलेला असतो. अंदाजपत्रक त्या नावाचे, मोजमाप त्या नावाचे, बिल त्या नावाचे. एकदा ‘अमुक यांच्या घरापर्यंत’ असे लिहिले की नाली त्याच्या पुढे एक वीतही जाणार नाही, मग तुम्ही कपाळ आपटा. म्हणून भांडायचे ते पाइप आल्यावर नव्हे, नाव लिहिताना. गावाचा वर्षाचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. त्या दिवशी शेत सोडून, भट्टी सोडून सभेला या आणि नाव असे लिहून घ्या, ‘ओढ्यापासून मारुती मंदिरापर्यंत.’

दुसरी गोष्ट यातूनच निघते. नाली खालून वर बांधायची असते. कोणत्याही जाणत्या गवंड्याला विचारा. आधी पाणी जाणार कोठे ते ठरवावे, तेथून पाणसळ लावीत वर यावे. म्हणजे प्रत्येक टप्प्याला उतार नीट मिळतो आणि बांधलेला तुकडा त्या दिवसापासून उपयोगी पडतो. पाणी सेकंदाला निदान दोन फूट तरी वाहिले पाहिजे, नाही तर गाळ खाली बसतो आणि नाली तुंबते. वरून सुरुवात केली की मध्ये पैसा संपतो आणि नाली कोणाच्या तरी दारात तोंड वासून उभी राहते. खालून सुरुवात केली आणि पैसा संपला, तर फार तर वाड्याचे काम पुढच्या वर्षी होईल. वाड्याला थोडे थांबता येते. बंधूंनो, हा गवंड्याचा नियम आहे, आणि माझ्या मते जोतिबांचाही हाच नियम होता. सुरुवात शेवटच्या घरापासून करा.

तिसरी गोष्ट, त्या चौथ्या सबबीची. मी सांगितलेल्या गावी पुढे काय झाले? ती म्हातारी आणि वस्तीतली माणसे ओळीने चार ग्रामसभांना आली. एका पोराने माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल काढली. शेजारच्या शेतकऱ्याला विनवून बांधाच्या कडेने वाट मिळाली. तोवर माझी बदली झाली. परवा गेलो होतो. नाली ओढ्यापर्यंत गेली आहे, कुंभाराचा आवा कोरड्या जागी पेटतो आहे. मला फार आनंद झाला. पण ओढ्याच्या काठी उभा राहिलो आणि पाहिले, पाणी काळे होऊन खाली चालले आहे. त्या ओढ्यावर खाली दुसरे गाव आहे. आता नालीचे शेवटचे घर त्या गावात गेले, इतकेच!

तेव्हा घाण पुढे ढकलणे म्हणजे स्वच्छता नव्हे. जितके पाणी घराशी मुरवता येईल तितके तेथेच मुरवावे, उरलेलेच नालीत सोडावे. यासाठी लांब जायला नको. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघड्या नाल्यांची गरजच ठेवली नाही आणि डास हटविले. पुढे जिल्ह्यात इतर गावांनीही त्या वेळच्या रोजगार हमीतून तसे खड्डे घेतले. कृती साधी आहे. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी. भोवती दगड व खडी. पाणी टाकीत सोडण्याआधी राख, खरकटे अडवायची छोटी जाळी. विहीर-आडापासून खड्डा लांब ठेवावा. आपल्याकडे काळी चिकण माती आहे, तिच्यात पाणी सावकाश मुरते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे, आणि जेथे मुरतच नाही तेथे परसातल्या झाडांना, चाऱ्याला पाणी द्यावे. रोनाल्ड रॉसने १८९७ साली निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेस, हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून काढला. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. शोध आपल्या राज्यात लागला आणि डबकी आपल्याच दारात राहिली.

चौथी गोष्ट, संडासाची. संडासाचा पाइप नालीत सोडू नका. दोन खड्ड्यांचा संडास करा. एक भरला की बंद करा, दुसरा सुरू करा. बंद केलेला वर्षभराहून अधिक राहू द्या, त्याचे सोनखत होते आणि ते शेताला चालते. हे मी का सांगतो? कारण नाली तुंबली, टाकी भरली की आपण एका विशिष्ट वस्तीत माणूस शोधायला जातो. माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवून हाताने साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण तीस लाखांनी बाप परत येत नाही. जे काम आपण आपल्या पोराला सांगणार नाही, ते दुसऱ्याच्या पोराला सांगू नये.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे खरे, पण आधी देवळापुढे सभामंडप होऊ द्या. त्याला मी गाडगेबाबांचे नाव सांगतो. ते जातीचे परीट. ज्या गावी जात त्या गावी आधी झाडू हाती घेत आणि दिवसभर गाव झाडीत, कीर्तन रात्री. त्यांच्याच नावाने महाराष्ट्रात २००० साली ग्रामस्वच्छतेचे अभियान निघाले. आधी झाडू, मग टाळ. हा क्रम आपण उलटा केला आहे. आणि नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या घरचा तो संत ज्या मातीतला, त्या मातीत देवळापुढची फरशी चकचकीत आणि भक्ताच्या दारापुढे डबके, हे शोभत नाही.

शेवटी लंडनच्या गोष्टीचे तात्पर्य. नाक ज्याचे, निर्णय त्याचा. जोवर सभा पंख्याखाली भरते, तोवर नालीचा वास ठरावापर्यंत पोहोचत नाही. म्हणून माझी एकच मागणी आहे. यंदा आराखड्यासाठी गावफेरी निघेल, ती नालीच्या शेवटच्या घरापासून निघावी. वॉर्डाची सभा त्या घरापुढे, त्या डबक्याच्या काठी भरावी. सरपंचांनी तेथे बसावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वही तेथे उघडावी, आम्हा मास्तर लोकांनीही तेथे उभे राहावे. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदारांचा किंवा शंभर माणसांचा असतो, यांतला जो कमी असेल तो. शंभर माणसे जमवणे आपल्याला जड नाही; लग्नाच्या पंगतीला आपण हजार जमवतो. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. सांडपाणी सांडतात त्याही बाया, आणि त्यातून पाय टाकतात त्याही बाया. त्यांना जे कळते ते पुरुषांच्या दहा सभांना कळत नाही.

सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या साथीत गेल्या. मुंढव्याकडचे एक आजारी पोर खांद्यावर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला. ते पोर कोणाच्या जातीचे, त्याचे घर गावात की गावाबाहेर, हे त्यांनी पाहिले नाही. आपल्याला कोणाला खांद्यावर घ्यायचे नाही. जीव द्यायचा नाही. आपल्या न्हाणीचे पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊ नये, एवढेच पाहायचे आहे. एवढेही आपल्याने होणार नसेल, तर जोतिबांची तसबीर भिंतीवरून उतरवून ठेवलेली बरी.

ती तिसरीतली मुलगी पुढे माझ्या वर्गात चौथीला आली. त्या वर्षीही ती पाय झाकूनच बसत असे. तिने पाय पुढे पसरून बसावे, एवढीच माझी इच्छा होती. आपल्या गावात अशी किती लेकरे पाय झाकून बसली आहेत, ते आज घरी जाताना पाहत जा.

 सत्यमेव जयते.